चार दिवसांचा पाहुणा आणि पुण्याच्या पेशी

औषधशोधाच्या प्रयोगशाळेत कामाला हात घालण्याआधी एक हिशेब मांडावा लागतो. समजा, तपासायची संयुगे एक लाख आहेत. ती ३८४ खळग्यांच्या प्लास्टिक प्लेटांमध्ये तपासायची. या खळग्यांना प्रयोगशाळेत ‘वेल’ म्हणतात. प्रत्येक प्लेटमधले ६४ वेल तुलनेसाठी राखून ठेवले की संयुगांसाठी ३२० उरतात, म्हणजे ३१३ प्लेटा झाल्या. एका वेलमध्ये वीस हजार पेशी धरल्या तर एकूण सुमारे २४० कोटी पेशी लागतील. आकडा ऐकून छाती दडपते खरी. पण द्रवात तरंगत वाढणाऱ्या पेशी एका मिलिलिटरमध्ये वीस लाखांपर्यंत सहज पोचतात. त्या हिशेबाने हा सगळा पसारा १२०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे सव्वा लिटरला थोड्या कमीच द्रवात मावतो. दर दहा लाख पेशींमागे एक मायक्रोग्रॅम डीएनए धरला, तर लागणारा डीएनए भरतो २.४ मिलिग्रॅम.

सव्वा लिटर द्रव आणि चिमटीतही न येणारा डीएनए एवढ्यावर एक लाख संयुगांची चाळणी होऊ शकते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत औषधशोधाच्या चाचण्यांसाठी मोठ्या प्रमाणावरील तात्पुरत्या ट्रान्सफेक्शनकडे जे लक्ष वळले, त्याच्या मुळाशी हे गणित आहे. अट एकच, पण ती कठीण आहे: पहिल्या प्लेटमधली पेशी आणि तीनशे तेराव्या प्लेटमधली पेशी सारखीच वागली पाहिजे.

ट्रान्सफेक्शन म्हणजे बाहेरचा जनुक पेशीत पोचवणे. तो जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल कड्यावर बसवलेला असतो. पेशीचे आवरण ऋण भाराचे आणि डीएनएही ऋण भाराचा, त्यामुळे नुसता डीएनए ओतला तर तो आत जात नाही. त्याला धन भाराच्या एखाद्या पदार्थात गुंडाळावे लागते. पेशी ते गाठोडे गिळते. गाठोडे आतल्या पिशवीतून फुटून बाहेर पडते आणि त्यातला फार थोडा डीएनए केंद्रकापर्यंत पोचतो. पेशीचे विभाजन होत असताना केंद्रकाचे आवरण विरघळते, तेव्हा आत शिरायची संधी सगळ्यात चांगली मिळते. म्हणून वाढीच्या भरात असलेल्या पेशीच या कामाला घ्यायच्या असतात. सुस्तावलेल्या, फ्लास्कमध्ये दाटीवाटी झालेल्या पेशींवर कितीही महागडे रसायन घातले तरी हाती फार काही लागत नाही.

आत गेलेला जनुक बहुतेक वेळा पाहुण्यासारखा राहतो. तो पेशीच्या गुणसूत्रात मिसळत नाही. पेशी त्याच्यावरून प्रथिन बनवते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते भरपूर दिसते, आणि पुढे दर विभाजनाला प्लास्मिड वाटला जाऊन विरळ होत जातो. हे झाले तात्पुरते ट्रान्सफेक्शन. उलट, क्वचित एखाद्या पेशीत तो जनुक गुणसूत्रात शिरतो आणि घरजावयासारखा कायमचा राहतो. अशा पेशी औषध घालून निवडायच्या, एकेक वेगळी करून वाढवायची आणि त्यांतली उत्तम ठेवायची, या कामाला दोन-तीन महिने सहज जातात. अशी ‘स्टेबल’ सेल लाइन, म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या वाढवता येणारा पेशींचा वंश, हाताशी असली की औषध कंपन्यांना निश्चिंत वाटते. पण घरजावईही बदलतो. पॅसेजमागून पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) होत गेले की प्रथिनाचे प्रमाण घसरू शकते, आणि सहा महिन्यांपूर्वीची लाइन ती हीच का, असा प्रश्न पडतो.

या प्रकाराचा कणा असलेली सेल लाइन म्हणजे एचईके-२९३. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे अ‍ॅलेक्स व्हान डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घातला. त्यांचा तो २९३ वा प्रयोग होता, आणि तोच आकडा नावाला चिकटला. डीएनए आत घालायला त्यांनी कॅल्शियम फॉस्फेटची पद्धत वापरली. ती याच दोघांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली होती. म्हणजे पद्धत आणि पेशी या एकाच घरातल्या बहिणी. पुढे १९८२ मध्ये विजेच्या झटक्याने पेशीचे आवरण क्षणभर सच्छिद्र करण्याची इलेक्ट्रोपोरेशनची युक्ती आली, १९८७ मध्ये स्निग्ध रेणूंची लायपोफेक्शन आली आणि १९९५ मध्ये फ्रान्समधून पॉलिएथिलिनइमाइन, म्हणजे पीईआय. हा पॉलिमर स्वस्त आहे, आणि लिटरच्या हिशेबात काम करायचे तर स्वस्ताईला फार मोल येते. २००२ मध्ये कॅनडात पीईआय आणि तरंगत्या पेशी यांची सांगड घालून प्रथिने मिळवण्याची रीत नीट बसवली गेली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये १०० लिटरच्या टाकीत तात्पुरते ट्रान्सफेक्शन करून दाखवले गेले. नळीतली गोष्ट टाकीत आली ती अशी.

पद्धत कशी उपयोगी पडते हे सांगायला मिरचीच्या गोष्टीइतकी चांगली गोष्ट माझ्याकडे नाही. ठेचा खाल्ल्यावर तोंड पोळते, ते कॅप्सेसिन नावाच्या रेणूमुळे. पण त्याला ओळखणारे प्रथिन कोणते, हे कुणालाच माहीत नव्हते. डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या चमूने उंदरांच्या वेदनावाहक मज्जापेशींमधले हजारो जनुक गोळा केले, त्यांचे सुमारे १६ हजारांचे एकेक गट केले आणि प्रत्येक गट एचईके-२९३ पेशींमध्ये तात्पुरता घातला. पेशींत कॅल्शियम वाढला की रंग बदलणारा पदार्थ होताच. वरून कॅप्सेसिन घातले. एका गटातल्या काही पेशी चमकल्या. मग तो गट फोडून लहान गट, ते फोडून आणखी लहान, असे करत ते एका जनुकापर्यंत पोचले. १९९७ मध्ये तो जगापुढे आला, आणि आज त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. त्याच्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातला एक दरवाजा. तोच दरवाजा ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून तिखट आणि गरम यांची जाणीव एकमेकांत मिसळते. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात ज्युलियस यांचा वाटा या कामासाठी होता. प्रत्येक गटासाठी स्टेबल लाइन करायची ठरवली असती तर हा शोध त्या मार्गाने लागलाच नसता. तिथे चार दिवसांचे पाहुणेच हवे होते.

ही गोष्ट महाराष्ट्रात येऊन पोचते ती महापे इथे. नवी मुंबईतल्या या भागात ग्लेनमार्कचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी याच दरवाजाला अडसर घालणारा जीआरसी-६२११ हा रेणू शोधला, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या इलाय लिली कंपनीने त्याचे हक्क घेतले. सांधेदुखीच्या रुग्णांवरची चाचणी पुढच्याच वर्षी थांबली. २०१० मध्ये याच कुळातल्या टीआरपीव्ही-३ वर काम करणारा दुसरा रेणू सनोफी-अ‍ॅव्हेंटिसने घेतला. वेदनाशामक म्हणून या कुळातले दरवाजे अडवणारे औषध अजून घरोघरी पोचलेले नाही. टीआरपीव्ही-१ अडवणाऱ्या रेणूंपुढे एक मोठीच अडचण उभी राहिली. अ‍ॅमजेन कंपनीच्या एएमजी-५१७ या रेणूने लोकांच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या आसपास नेले. तो दरवाजा शरीराची उष्णताही सांभाळत होता. वेलमधली पेशी याबद्दल काही सांगू शकत नाही, कारण तिला ताप येत नाही. चाळणी कितीही बारीक असली तरी ती जे विचारले तेवढेच उत्तर देते, हे सांगितल्याशिवाय या तंत्राचा आढावा प्रामाणिक होणार नाही.

आता पुण्याकडे येऊ. पेशी वाढवण्याची या शहराची परंपरा बऱ्याच जणांना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभारले, आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही. तिथे १९६७ मध्ये डॉ. के. आर. पी. सिंग यांनी नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या डासांच्या अळ्यांपासून सेल लाइन तयार केल्या. एक एडिस एजिप्टायची आणि दुसरी एडिस अल्बोपिक्टसची. ‘करंट सायन्स’मध्ये या कामाचा लेख आला. दुसऱ्या लाइनमधून जपानी शास्त्रज्ञ अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये एक शाखा निवडली, तिचे नाव सी-६/३६. डेंगी आणि चिकुनगुन्याचे विषाणू वाढवायला ती आज जगभर वापरतात. ब्राझीलमधला संशोधक असो की थायलंडमधला, त्याच्या फ्लास्कमधल्या पेशींची वंशावळ पुण्यातल्या त्या अळ्यांपाशी येऊन थांबते. हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरा टप्पा १९८६ चा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्राण्यांच्या ऊती आणि पेशी सांभाळण्याची राष्ट्रीय सुविधा पुण्यात सुरू केली. तीच पुढे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, अर्थात एनसीसीएस झाली. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात तिची इमारत आहे. देशभरातल्या प्रयोगशाळा तिथून सेल लाइन मागवतात. हे काम बाहेरून कारकुनी वाटते, पण त्यावर सगळे उभे आहे. जगभर कितीतरी प्रयोगशाळांत वेगळ्या नावाने वाढणाऱ्या पेशी प्रत्यक्षात हेला नावाच्या दुसऱ्याच सेल लाइनच्या निघाल्या आहेत, आणि मायकोप्लाझ्मा नावाचे भिंत नसलेले सूक्ष्म जंतू पेशींमध्ये महिनोन्‌महिने गुपचूप राहतात. ते असले की ट्रान्सफेक्शन ढासळते, आणि दोष मात्र रसायनाला लागतो. पावसाळ्यात हवेत बुरशी वाढली की पुण्यातल्या कल्चर रूममधल्यांचा जीव टांगणीला लागतो. बुरशी निदान डोळ्यांना दिसते तरी, मायकोप्लाझ्मा दिसत नाही. मोठ्या बॅचचे काम करणाऱ्याने पेशींची ओळख आणि स्वच्छता आधी तपासावी आणि प्लास्मिडचा विचार मग करावा, असे माझे ठाम मत आहे.

तात्पुरत्या ट्रान्सफेक्शनवर उभी असलेली सगळ्यात सुंदर चाचणी पुण्यात भोसरीला पाहायला मिळते. तिथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, सुरू झाली. प्रश्न असा होता, की रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे एचआयव्हीला अडवतात का? खरा विषाणू हाताळणे जोखमीचे, आणि तो सतत बदलतो. म्हणून त्याचे दोन तुकडे करतात. एका प्लास्मिडवर एचआयव्हीचा गाभा, पण बाहेरच्या आवरणाचा जनुक बिघडवलेला. दुसऱ्या प्लास्मिडवर फक्त आवरणाचा जनुक, तो हव्या त्या रुग्णाच्या विषाणूतून घेतलेला. दोन्ही एकत्र २९३-टी, म्हणजे एचईके-२९३ च्याच एका शाखेच्या, पेशींत घालायचे. अठ्ठेचाळीस तासांनी वरच्या द्रवात विषाणूसारखे कण मिळतात. ते पेशीत शिरू शकतात, पण त्यांच्यापासून पुढची पिढी होत नाही, कारण आवरणाची कृती त्यांनी बरोबर नेलेलीच नसते. यांना स्यूडोव्हायरस म्हणतात. मग हे कण आणि प्रतिपिंडे एकत्र करून टीझेडएम-बीएल नावाच्या पेशींवर घालायचे. या पेशींत काजव्याचा ल्युसिफरेज जनुक असा बसवला आहे, की एचआयव्हीचा गाभा आत शिरला तरच उजेड पडतो. उजेड जितका कमी, तितकी प्रतिपिंडे प्रभावी.

भारतातला एचआयव्ही मुख्यतः सी उपप्रकाराचा, आणि जुन्या पाश्चात्त्य चाचण्या बव्हंशी बी उपप्रकारावर बेतलेल्या. नारीतल्या संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या विषाणूंची आवरणे घेऊन असे स्यूडोव्हायरस बनवले आणि त्यांच्यावर प्रतिपिंडे तपासली. नुसता आवरणाचा प्लास्मिड बदलला की नवा विषाणू तयार. इथे स्टेबल लाइनचा आग्रह धरणे म्हणजे प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळे घर बांधणे. आणि नीट पाहिले तर या चाचणीत दोन्ही तत्त्वे एकत्र नांदतात: कण बनवणाऱ्या पेशी तात्पुरत्या, उजेड दाखवणाऱ्या पेशी कायमच्या. ‘तात्पुरते की स्टेबल’ हा वाद अनेकदा तावातावाने होतो. बदलणारा भाग तात्पुरता ठेवावा आणि न बदलणारा कायमचा करावा, एवढा व्यवहार भोसरीची ही चाचणी शिकवते.

कोविडच्या काळात अख्खा विषाणू वापरणे आणि त्याचा नुसता जनुक वापरणे यांतला फरक दिसला. मे २०२० मध्ये एनआयव्हीने प्रतिपिंडे मोजणारी ‘कवच’ ही एलायझा चाचणी तयार केली. तिच्यासाठी एनआयव्हीच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेने अख्खा विषाणू व्हेरो नावाच्या पेशींवर वाढवला आणि निष्क्रिय करून वापरला. त्याच काळात न्यूयॉर्कच्या माउंट साइनाय रुग्णालयातल्या शास्त्रज्ञांनी विषाणूवरच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनाचा फक्त जनुक घेतला, तो तरंगत्या २९३ पेशींत तात्पुरता घातला आणि मिळालेल्या प्रथिनावर चाचणी उभी केली. सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आणि विषाणूंची साठ-सत्तर वर्षांची जाण असलेल्या शहराने पहिला रस्ता धरला, हे साहजिक होते आणि योग्यही होते. पण पुढे विषाणूची नवनवी रूपे येऊ लागली, तेव्हा दुसऱ्या रस्त्याची ताकद कळली. नव्या रूपाचा अनुक्रम कळला की जनुक मागवायचा, प्लास्मिड करायचा आणि काही दिवसांत स्यूडोव्हायरस हाती. जिवंत विषाणूचा नमुना येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

पुण्यातल्या दोन कंपन्यांचा इथे उल्लेख हवा, कारण सरमिसळ फार होते. सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्डही एचईके-२९३ पेशींतच वाढवली जात असे, पण तिथे जनुक अ‍ॅडिनोव्हायरस घेऊन जातो. त्याला ट्रान्सफेक्शन म्हणत नाहीत. हिंजवडीच्या जेनोव्हाची लस आमच्या विषयाच्या जास्त जवळची आहे. जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळालेली ही भारतात विकसित झालेली पहिली एमआरएनए लस. धन भाराच्या स्निग्ध कणांबरोबर बाहेरचा संदेश पेशीत जातो, काही दिवस प्रथिन बनते आणि संदेश विरून जातो. प्लेटमधल्या वेलऐवजी माणसाचा दंड, एवढाच काय तो फरक.

मूळ अटीकडे परत येतो: २४० कोटी पेशी सारख्याच कशा ठेवायच्या? पूर्वी रोज सकाळी थोड्या पेशी ट्रान्सफेक्ट करत. सोमवारी सत्तर टक्के पेशींनी जनुक घेतला, मंगळवारी पंचेचाळीस टक्क्यांनी, बुधवारी प्लास्मिडची नवी नळी उघडली. मग प्लेटांमधला फरक संयुगांचा की वाराचा, हे कळायला मार्ग नाही. १९९९ मध्ये झँग, चुंग आणि ओल्डनबर्ग यांनी चाचणीची प्रत मोजायला झेड-प्राइम हे माप दिले. होकाराचा आणि नकाराचा संकेत यांत अंतर किती आणि त्यांच्यात हेलकावे किती, हे ते एका आकड्यात सांगते. ०.५ च्या वर असेल तर चाचणी चाळणीला लायक. रोजच्या ट्रान्सफेक्शनमध्ये एखाद्या दिवसाचे झेड-प्राइम उत्तम येते, पण महिन्याभराचे एकत्र पाहिले की चित्र वेगळे दिसते.

तोडगा निघाला तो गोठवण्यात. सगळ्या पेशी एकाच दिवशी, एकाच प्लास्मिडने, एकाच भांड्यात ट्रान्सफेक्ट करायच्या. दुसऱ्या दिवशी प्रथिन दिसू लागले की डीएमएसओ हे गोठताना पेशी जपणारे द्रव्य घालून मिनिटाला साधारण एक अंश या गतीने थंड करायच्या आणि शेकडो व्हायलींत, म्हणजे छोट्या कुप्यांत, भरून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवायच्या. पाहुणा जिथे आहे तिथेच थिजतो. पुढे ज्या दिवशी चाचणी, त्या दिवशी हव्या तेवढ्या व्हायली काढून कोमट पाण्यात वितळवायच्या आणि पेशी थेट प्लेटमध्ये टाकायच्या. पेशी जणू रसायनाच्या बाटलीसारखी होते: बॅच नंबर असलेली, आधी तपासलेली, कपाटातून काढून वापरायची. गोठवण्यात काही पेशी मरतात, म्हणून सव्वा लिटरऐवजी दोन लिटर वाढवाव्यात. पेशी नळीतून वाहत असताना विजेचे झटके देणारी यंत्रे एका बैठकीत अब्जावधी पेशी तयार करतात. पण ती महाग, आणि एकेका प्रयोगशाळेला न परवडणारी. पीईआय आणि शेकर फ्लास्क घेऊनही हे काम होते, हात बसायला मात्र वेळ लागतो. डीएनए आणि पॉलिमर एकत्र करून दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवले की कण मोठे होत जातात आणि सगळी बॅच वाया जाते. दोन मिलिलिटरला हे मिश्रण पटकन घालता येते. दोन लिटरला ते ओतण्यात, ढवळण्यात जाणारा वेळही हिशेबात धरावा लागतो. प्रमाण वाढवताना बिघडते ते बहुधा इथेच.

टीआरपीव्ही-१ सारख्या आयन चॅनेलना, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या आयनांच्या दरवाजांना, ही पद्धत विशेष मानवते. काही चॅनेल कायमचे ठेवले तर त्यांतून कॅल्शियम झिरपत राहतो आणि पेशी मरते. घरजावई घरच जाळतो. दोन दिवसांसाठी आणले आणि त्याच अवस्थेत गोठवले तर पेशी टिकते. एकाच वेळी तीन प्लास्मिड घालायचे असतील, रिसेप्टर, त्याचा जोडीदार आणि उजेड देणारा जनुक, तर त्यांची प्रमाणे आठवड्याभरात बदलून पाहता येतात.

मोठ्या प्रमाणाचे सगळ्यात दृश्य रूप सध्या चाचण्यांच्या बाहेर आहे. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या टी पेशींत नवा जनुक घालणारा लेंटिव्हायरस बनवायला जगभर २९३-टी पेशींत अनेक प्लास्मिडांचे तात्पुरते ट्रान्सफेक्शनच करतात. भोसरीतल्या स्यूडोव्हायरसचा हा सख्खा भाऊ. एक चाचणीला लागतो, दुसरा रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला.

पुण्याने आता काय करावे? इथे सेल लाइन सांभाळणारे एनसीसीएस आहे. तिथून काही किलोमीटरवर, पाषाण रस्त्याला, १९५० पासून उभी असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जिथे पॉलिमरचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठले आहे. तिच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर नव्या कंपन्यांना जागा आणि उपकरणे देते. मुळशीतल्या नांदे गावी ल्युपिनचे संशोधन केंद्र आहे, जिथून निघालेल्या माल्ट-१ या प्रथिनाला अडवणाऱ्या रेणूचे हक्क २०१८ मध्ये अ‍ॅबव्ही कंपनीने घेतले. म्हणजे पॉलिमर करणारे, पेशी सांभाळणारे आणि पेशींवर रेणू तपासणारे, तिघेही एका सकाळी गाठता येतील इतक्या अंतरावर आहेत. तरी ट्रान्सफेक्शनची रसायने, सीरमविरहित मीडिया आणि तयार गोठवलेल्या पेशी यांतले बरेचसे आपण परदेशातून मागवतो. विमानतळावर एखादा दिवस जास्त लागला की कोरडा बर्फ संपतो आणि पेशी मेलेल्या पोचतात. लहान प्रयोगशाळेचा पीएचडीचा विद्यार्थी मग पुन्हा रोज सकाळी दोन मिलिलिटरचे ट्रान्सफेक्शन करत बसतो, आणि त्याचे सोमवार-मंगळवार पुन्हा जुळत नाहीत.

मला हवी आहे ती सोय साधी आहे. सामाईक उपयोगाची पाच-दहा प्रथिने निवडावीत: एखादे चॅनेल, दोन-चार रिसेप्टर, भारतीय एचआयव्हीची आवरणे. दोन लिटरच्या बॅचमध्ये पेशी तयार कराव्यात, मायकोप्लाझ्मा तपासावा, ओळख पटवावी, झेड-प्राइम मोजावे आणि गोठवून मागेल त्या संस्थेला द्यावे. जनुकबदल केलेल्या पेशींसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते; ती चौकट १९८९ च्या नियमांपासून आहे आणि संस्थांच्या अंगवळणी पडलेली आहे. नवीन कायदा नको, नवी इमारत नको. आज गणेशखिंडीतून निघणाऱ्या व्हायलवर सेल लाइनचे नाव आणि पॅसेज नंबर असतो. त्याखाली आणखी दोन ओळींपुरती जागा करायची आहे: कोणता प्लास्मिड, आणि कोणत्या तारखेची बॅच.